बोटं चालू आहेत

८ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घे. आईला उचलून खुर्चीत बसवणं म्हणजे काय ते तू इथे आलीस की कळेल. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? फोन केला होता, पण तुला काही ऐकू येईना. मी ओरडायला लागलो तशी शेजारची मंडळी गॅलरीत आली. त्यांना वाटलं, भांडण चाललंय. तेव्हा आपली पत्रंच बरी.

आई घरी आल्यापासून तशी स्थिर आहे. उजवी बाजू लुळी आहे ती आहेच. बोलणं पूर्ण गेलंय. तिला समजतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. 'हो' म्हणायला मान हलवते आणि 'नाही' म्हणायलाही तशीच हलवते. दिवसभर एक नर्सबाई येतात, त्या गेल्या की ही आणि मी. खाणं आणि झोप व्यवस्थित आहे.

आता मुद्द्याचं. तिची बोटांची सवय तुला माहीत आहेच. अंगठा चारही बोटांच्या टोकांवरून फिरवत न्यायचा आणि परत आणायचा. जन्मभर उजव्या हाताने केलं. तो हात गेला, तर लगेच डाव्याने सुरू झालं. सोबत किंचित डुलणं. पूर्वी ती कामात असायची, बोलत असायची, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नसे. आता दुसरं काहीच उरलं नाही, म्हणून खोलीत शिरलं की पहिलं तेच दिसतं. अंगठ्याची कातडी सोलवटली आहे. पांघरुणाची कड विरली आहे. भेटायला येणारे आधी बोटांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. परवा हिच्या ऑफिसातल्या दोघी आल्या होत्या. एकीने हिला बाजूला घेऊन विचारलं, सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय का. हिला फार लागलं ते.

डॉक्टरांनी विचारलं, या आधीपासून स्वमग्न होत्या का, म्हणजे ऑटिझम वगैरे. मी म्हटलं, अहो, बायंडिंग खात्यात ही बाई गप्पांसाठी प्रसिद्ध होती. प्रेसमधले लोक आपली सोयरीकसुद्धा हिला विचारून ठरवत. स्वमग्न मूल कसं असतं ते मला कळतं, माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ती डुलते, हात झटकते. तिला मी खिडकीजवळची जागा दिली आहे आणि धरायला एक मऊ चेंडू. हेडबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. पण आईचं तसं नाही ना. मग ही बेचैनीच असणार, असं नर्सबाईंचं म्हणणं पडलं. त्यांनी मनगटाशी बांधायचे जाड सुती हातमोजे आणले आहेत. कालपासून डाव्या हातात घालतोय. काल दातांनी ओढत होती. होईल सवय.

तुला न विचारता केलं असं वाटायला नको म्हणून कळवलं.

तुझा
धाकटा


१९ जानेवारी

धाकट्या,

राग गेल्यावर उत्तर लिहावं म्हणून थांबले होते. गेला नाही, तेव्हा तसंच लिहायला बसलेय.

हातमोजा काढ. आधी उठून काढ, मग पुढचं वाच.

काढलास? आता मला सांग, वर्गातल्या पोरीला चेंडू आणि आईला हातमोजा, हा कुठला न्याय? का तर त्या पोरीला डॉक्टरचं नाव लागलंय आणि आईला लागलेलं नाही? नाव असलं तर गरज आणि नसलं तर वेड, असं तुम्हाला शाळेत शिकवतात का रे? तिची वाचा गेली, अर्धं अंग गेलं, आता राहिलेला एक हात तू पिशवीत बांधून ठेवलास. कौतुक करून घेतलंस ते बरं, पण त्यातलं थोडं घरीही आणायचं.

तू आईच्या हाताला सवय म्हणतोस. लहानपणी मला घरातलं हवामान त्या हातावरून कळायचं. शाळेतून आले की मी आधी तिचा हात बघायची, तोंड नंतर. अंगठा सावकाश फिरत असला की सगळं ठीक. भरभर फिरत असला की बाबांशी वाजलंय, मुकाट्याने दप्तर उघडून बसायचं. तुला हे कधी करावं लागलं नाही, कारण तू लाडका होतास आणि तुला कुणी काही बोलत नसे.

आणि तू रे? जेवताना टेबलाखाली तुझा पाय असा हलायचा की बाबांच्या पेल्यातलं पाणी सांडायचं. बाबा चिडायचे. आई म्हणायची, हलू दे, पायच आहे तो. अजून हलतो ना? खरं सांग, हे वाचतानाही हलत असेल. मी कारखान्यात भिंग घासताना तोंड मिटून एकच सूर धरून बसते. आता मला तो ऐकूही येत नाही, नुसता जबड्यात घुमतो, पण धरला नाही तर हात थरथरतो आणि भिंग वाया जातं. मालकांनी एकदा विचारलं, बाई, गाणं कुठलं हे? म्हटलं, कुठलंच नाही. माझ्याही तोंडाला काहीतरी बांधायला त्या नर्सबाईंना पाठवून दे.

कातडी सोलवटली असेल तर मलम लाव. आणि हातात कागद दे तिच्या. कोरे, गुळगुळीत, जरा जाड. आयुष्य ज्यात गेलं ते दिलंस तर बोटं पांघरूण सोडतील.

गुडघ्याची तारीख अजून नाही. जिना बसून उतरते, लहान मुलं उतरतात तशी. तू आईला उचलतोस, तुझी बायको तिचं सगळं करते, आणि मी इथे बसून अक्कल शिकवते, हे मला कळतं. तरी शिकवणार.

तुझी ताई


३० जानेवारी

ताई,

हातमोजा काढला. तुझं पत्र वाचताना पाय हलत होता, हेही कबूल.

कागदाची युक्ती लागू पडली. शाळेतून वापरायचे राहिलेले जाड कागद आणले आणि सारखे कापून गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. आधी बघितलंच नाही. मग डाव्या हाताचा अंगठा कडेवरून असा फिरवला की सगळे कागद पंख्यासारखे उलगडले. नर्सबाई बघतच राहिल्या. एका हाताने, तेही डाव्या. आता सकाळी खुर्चीत बसली की आधी गठ्ठा लागतो. अंगठा भरत आलाय.

डॉक्टरांशी पुन्हा बोललो. तुझे शब्द जरा सौम्य करून त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, तुमच्या बहिणीचं बरोबर आहे. स्वमग्न माणसांना अशा हालचालींची गरज जास्त असते, त्यांच्यात त्या उठून दिसतात, पण त्या काही फक्त त्यांच्या नाहीत. कुणी पेनाचं बटण दाबत बसतं, कुणी केसाची बट पिळतं, कुणी फेऱ्या मारतं. कुणाला शर्टाच्या आतलं लेबल सहन होत नाही, कुणाला ताटात पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत. थोडंथोडं सगळ्यांत असतं, कुणात जरा जास्त, आणि तेवढ्यावरून कुणी स्वमग्न ठरत नाही. हे सांगताना ते स्वतः स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत होते.

ही मात्र अजून साशंक आहे. तिचं चुकतं असं नाही. दिवसभर ऑफिस, आल्यावर आई, आणि वर लोकांचे प्रश्न. घरात जरा शांतता असावी एवढंच तिला वाटतं, आणि खरं सांगू का, मलाही.

एक विचारायचं होतं. आईचं हे प्रेसमधल्या कामामुळेच जडलं ना? इतकी वर्षं कागद उलगडून उलगडून?

धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा प्रश्न घेऊन मावशीकडे गेले होते. रिक्षावाल्याने धरून उतरवलं, तिच्या सुनेने धरून चढवलं, एखादं कपाट हलवावं तसं. मावशीचं वय आईपेक्षा जास्त, पण जीभ अजून शाबूत. मला ऐकू येत नाही आणि तिला दिसत नाही, तरी आमच्या गप्पा उत्तम झाल्या.

तर ऐक. उलटं आहे. आईने प्रेस बघितलीसुद्धा नव्हती तेव्हापासून बोटं चालू होती. मावशी म्हणाली, पाळण्यात असल्यापासून दुपट्याची कड लागायची. शाळेत बाईंनी पट्टी मारून बघितलं, आजीने कडू औषध लावून बघितलं. काही उपयोग झाला नाही. मोठी झाल्यावर सगळ्यांना वाटायचं, हिला कोण कामावर ठेवणार, हिची बोटं जागेवर नसतात. प्रेसच्या मॅनेजरने कागद दुमडायला दिले आणि तासाभरात म्हणाला, उद्यापासून या. कामामुळे सवय नाही लागली रे, सवयीला तिचं काम सापडलं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या मॅनेजरने हातमोजे आणले असते तर तुझी माझी फी कुणी भरली असती?

मावशीने आणखी एक गंमत सांगितली. लहानपणी आई झाडावरून पडली आणि कुणाला बोललीच नाही. मार बसेल म्हणून. दोन दिवस मुकाट घरात वावरत होती. आजी खूश, म्हणे पोरगी अखेर सुधारली, बोटंसुद्धा एका जागी राहतात. मग अंघोळ घालताना कळलं, गळ्याजवळचं हाड मोडलंय. मावशी हे सांगून हसत होती. मी पण हसले, पण येताना रिक्षात आठवलं, बाबा गेले त्या आठवड्यात आईचा हात मांडीवर पालथा पडून होता. मी तेव्हा समोरच बसले होते आणि काहीतरी चुकतंय एवढंच वाटत होतं. काय ते आज कळलं.

असो. कागद बदलत जा, कडा मऊ पडल्या की तिला आवडत नाहीत. तुझ्या बायकोला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही. तिच्या जागी मी असते तर आत्तापर्यंत घर सोडून पळाले असते.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

या वेळी चांगली बातमी आहे. आई शांत झाली.

गेला आठवडाभर बघतोय. डुलणं नाही, बोटं नाहीत. खुर्चीत बसवलं की बसते, पलंगावर ठेवलं की पडून राहते. कागदांचा गठ्ठा बाजूला पडून आहे, हात लावत नाही. काल हिच्या ऑफिसातल्या त्याच दोघी परत आल्या होत्या. म्हणाल्या, किती प्रसन्न दिसतात आता. ही कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. रात्री आम्ही दोघं निवांत जेवलो.

तुला आधी कळवलं नव्हतं, पण डॉक्टरांनी पहिल्यांदाच एक छोटी गोळी लिहून दिली होती, बेचैनी कमी करायला. लागली तर द्या, म्हणाले होते. हातमोजा काढला तेव्हापासून ती संध्याकाळी देत होतो. तू चिडशील म्हणून लिहिलं नाही. बरेच दिवस काही फरक दिसला नाही, आता लागू पडलेली दिसते. तू म्हणशील, पाठीमागून केलंस. पण ताई, रोज समोर मी असतो. रोज ते बघणं सोपं नाही.

खाणं जरा कमी झालंय. दोन घास घेते आणि तोंड मिटते. हालचाल नाही म्हटल्यावर भूक तरी कशी लागणार, असं नर्सबाई म्हणाल्या. बाकी सगळं ठीक आहे. तू आता तुझ्या गुडघ्याकडे बघ.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

हे कुरियरने पाठवतेय. माझी शेजारीण तुला आत्ता फोन करेल, पण ती बोलता बोलता काय सांगेल याचा भरवसा नाही, म्हणून नीट लिहिते.

आई शांत झालेली नाही. तिला काहीतरी दुखतंय.

गोळीचं भांडण नंतर करू. ती एवढे दिवस चालली नाही आणि आताच कशी चालली? मावशीने सांगितलेलं आठव. दुखलं की ती मुकी होते, आणि तोंडाने ती आता मुकीच आहे, म्हणजे जे काही बोलायची ते बोटांनीच. ती बोटं थांबली आहेत. दोन घास खाऊन तोंड मिटते हे तू मला पत्राच्या शेवटी सहज लिहितोस?

डॉक्टरांना घरी बोलव. डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत तपासायला लाव. ते म्हणतील काही नाही, तर म्हण पुन्हा बघा. वाईटपणा आला तर माझ्यावर ढकल, म्हण बहीण ऐकत नाही. ही शब्दशः खरी गोष्ट आहे.

मी येऊ शकत नाही म्हणून तुला सांगतेय. मी तिथे असते तर सांगत बसले नसते.

ताई


९ मार्च

ताई,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. आई आत आहे. धोका टळलाय म्हणतात, पण पुरता नाही.

तुझ्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. ती म्हणाली, तुमच्या आईचं हाड मोडलंय, बहिणीने कळवलंय. मग वाटलं, तुला तिथे बसून कसं कळणार? दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. तोवर डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी पाठ बघितली, पोट दाबून बघितलं, पाय हलवून बघितले, छाती ऐकली. ताप नव्हता. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे, उगाच काळजी करू नका. मीही सुटलो असं वाटून त्यांना दारापर्यंत पोचवलं. आणि मग तुझं पत्र हातात पडलं.

पुन्हा बोलावलं. ते वैतागले होते. तू सांगितलंस तसंच म्हटलं, माझी बहीण ऐकत नाही. ही तिथेच उभी होती. ती म्हणाली, डॉक्टर, या खात नाहीत, तर तोंड बघितलंत का? आई तोंड उघडेना. त्यांनी नुसता डावा गाल बाहेरून दाबला. आणि ताई, इतके दिवस मांडीवर पडून असलेला तो हात उठला आणि त्याने डॉक्टरांचं मनगट पकडलं. इतकं घट्ट की त्यांना सोडवावं लागलं.

खालच्या दाढेखाली पू झाला होता. जबड्यापर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी तापही भरला. दाढ काढली, निचरा केला, सलाईनमधून औषधं चालू आहेत. इथले दातांचे डॉक्टर म्हणाले, याने धडधाकट माणूस गडाबडा लोळेल. आई पंधरवडा लोळली नाही, कण्हली नाही. गोळीच्या गुंगीत तोंडावर जे काही उमटलं असतं तेही उमटलं नाही. गोळी बंद केली आहे. आणि आम्ही म्हणत होतो, किती प्रसन्न दिसतात.

मला फार अपराधी वाटतंय. काल हिने आईचे केस विंचरले आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

हात अजून थांबलेलाच आहे. पलंगावर नुसता पडलेला असतो. मी समोर बसून त्याच्याकडे बघतो. महिन्यापूर्वी हाच थांबावा म्हणून मी काय काय केलं.

धाकटा


१६ मार्च

धाकट्या,

तुझ्या अपराधाचं काय करायचं ते करू, तूर्त तो गुंडाळून ठेव. रोज उचलणारा माणूस आणि लांबून पत्र लिहिणारा माणूस यांत मला जास्त दिसलं, कारण मला कंबरदुखी नव्हती. आणि तोंड बघा हे काही मला सुचलं नाही. ते तुझ्या बायकोला सुचलं. तिला हे माझ्याकडून सांग आणि मुद्दाम सांग.

शेजारणीला मी हाड मोडल्याची जुनी गोष्ट समजावून सांगत बसले, तिथेच चुकले.

हात सुरू झाला का? दुसरं काही लिहू नकोस. एवढंच कळव.

ताई


२३ मार्च

ताई,

सुरू झाला.

मी शाळेत होतो. हिचा फोन आला. मी घाबरून वर्गाबाहेर गेलो, तर ही रडतेय. म्हणाली, अहो, बोटं चालू आहेत. मला आधी कळेना हसू की रडू. आईला घरी आणून दोन दिवस झाले होते आणि ही रजा घेऊन तिच्याजवळ बसली होती. खिमट भरवून झाल्यावर तोंड पुसत होती, तर आईने तिच्या हातातल्या नॅपकिनची कड धरली आणि अंगठा फिरवायला लागली. हिने नॅपकिन तसाच धरून ठेवला, हात अवघडेपर्यंत.

तेव्हापासून आमच्या घरात एक नवीन रीत पडली आहे. बाहेरून आलं की पहिला प्रश्न, चालू आहेत का? आतून उत्तर येतं, चालू आहेत. मग चपला काढायच्या. पाहुणे बघतात, बघोत. त्या ऑफिसातल्या बाईला हिने सांगितलं, त्या बऱ्या आहेत ना, म्हणून हलतात.

आणखी एक. काल माझ्या वर्गातली ती मुलगी अगदी सरळ बसली होती. डुलणं नाही, चेंडू बाकावर. पूर्वी मी म्हटलं असतं, शाब्बास, आज किती छान बसलीस. काल मी जवळ जाऊन विचारलं, काय दुखतंय? मग तिने पाय पुढे केला. नवा बूट चावत होता. टाच पार सोलवटली होती. बूट काढून ठेवला, आणि तास संपायच्या आत डुलायला लागली.

तुझी तारीख कळली. एप्रिलची अखेर म्हणजे फार लांब नाही. नीट करून घे आणि मग चालत ये, बसून नको.

धाकटा


२४ एप्रिल

धाकट्या,

उद्या ऑपरेशन. शेजारीण सोबत येतेय, म्हणजे मी हॉस्पिटलात काय केलं याच्या तीन वेगळ्या बातम्या तुला मिळतील. त्यातली सगळ्यात साधी खरी धर.

भीती वाटत नाही असं लिहिणार होते. वाटते. काल भिंग घासताना सूर धरला तो सुटेचना, मशीन बंद केलं तरी जबडा घुमत होता. मालक म्हणाले, बाई, आज मोठं गाणं आहे वाटतं. म्हटलं, हो, परवा ऑपरेशन आहे. त्यांनी आपणहून चार दिवसांची जास्त सुट्टी दिली.

सहा आठवडे पाय टाकायचा नाही म्हणतात. मग आईकडे येते. तिच्यासाठी इथल्या छापखान्यातून कापलेले कागद आणवलेत. चांगले जाड आहेत, कडा अगदी नव्या. तिच्यासमोर बसून मला तो हात बघायचाय, पूर्वी बघायची तसा. तिला सांग. समजो न समजो, सांग.

ताई


१२ मे

ताई,

फोनवरून तुला जे काही कळलं असेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. मी सांगतो तसं झालं. तुला काय विचारायचं आहे ते मला माहीत आहे, म्हणून तेच आधी सांगतो. बोटं चालू होती.

परवा सकाळी तिने थोडं दूध घेतलं. मी तुझ्या कागदांचं सांगितलं, रोज सांगत होतो. मग श्वास लागल्यासारखा झाला. डॉक्टर लगेच आले. म्हणाले, पुन्हा झटका आलाय, मोठा आहे, आता हलवण्यात अर्थ नाही. मी विचारलं, तिला दुखत असेल का? ते आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तिथे नका बघू, हाताकडे बघा. अंगठा सावकाश फिरत होता. तू लिहिलं होतंस ना, सावकाश फिरत असला की सगळं ठीक, तसाच. डॉक्टर बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, नाही, दुखत नाहीये त्यांना.

तुझ्या पायाला टाके असताना तुला आणता येणार नव्हतं, आणि आईला थांबवता येणार नव्हतं. हे लिहायला मला फार जड जातंय. तू नव्हतीस, म्हणून मी तुझ्यासारखा बसलो, समोर, हात दिसेल असा.

शेजारच्या बायका जमल्या होत्या. सगळ्या म्हणत होत्या, आईचा हात हातात घे. मी घेतला नाही. त्यांना वाटलं असेल, काय कोरडा मुलगा आहे. पण हात धरला असता तर बोटं थांबली असती. कागदांचा गठ्ठा पलीकडच्या खोलीत होता आणि मला तिथून उठायचं नव्हतं. म्हणून मी माझ्या शर्टाची बाही खाली ओढली आणि तिची कड आईच्या अंगठ्याखाली दिली. तिने ती घेतली. पलंगाच्या कडेला माझा पाय हलत होता, सगळा पलंग हलत होता, आणि कुणी काही म्हटलं नाही. हिने मला नुसतं पाणी आणून दिलं. बराच वेळ आम्ही तसेच होतो. मग तिचा हात थांबला. आधी नाही थांबला, ताई, शेवटीच थांबला.

तुझे टाके निघाले की कळव, मी न्यायला येतो. कागद घेऊन ये, राहू देत इथे.

शर्टाच्या बाहीची कड विरली आहे. ही म्हणाली, शिंप्याकडे देऊ का? मी नको म्हटलं.

धाकटा